ओटीचा नारळ

निपाणीहून बस सुटायचा अवकाश, दिपालीच्या पुढच्या बाकावरच्या दोघींना कंठ फुटला.

"जयाक्का, खिडकीकडं मी बसू?"

"काकती जाऊ दे गं, मग बस."

"काकती म्हंजे तुझं माहेर न्हवं? उतर की मग तितं. बायकास्नी बस फुकट हाय आता."

"बस फुकट हाय, नारळ फुकट न्हाय."

"कसला नारळ?"

"पोरगी दारात आली की वहिनीला ओटी भराय पायजे. नारळ, खण, साखर. नारळाचा भाव बघितलास? तेल, गॅस, पोरांची फी, दादाची आधीच लई वढाताण."

"ओटी नको म्हणायचं."

"म्हणलं की एकदा. वहिनी रडाय लागली. रिकाम्या ओटीनं कशी धाडू म्हणली. शेजारनं उसना नारळ आणला. तवापास्नं मी उतरत न्हाय. दादाला वाटतंय, बहीण रुसली."

"आन् आज बेळगावला काय काम काढलंस?"

"काम कसलं? जायाचं आन् यायाचं. तिकीट थोडंच लागतंय."

काकतीला बस थांबली. दिपालीनंही बाहेर बघितलं. रस्त्याकडेच्या घराच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

"व्हय गं, तीच का तुझी वहिनी?"

"तीच. वाळलीया बघ. सर मागं, मला दिसू दे. तिला दिसाय नको."

जयाक्कानं पदर तोंडावर ओढला.

दारातल्या बाईनं सूप खाली ठेवलं. उतरणाऱ्या एकेकीचं तोंड ती निरखत होती. सगळ्या उतरून गेल्या, तरी तिची नजर बसच्या दारावरच होती.