कारखान्याचे बूट

भिलाईच्या दवाखान्यासमोर वच्छला तापलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन रांगेत उभी होती. बाजूच्या ओट्यावर एक बाई नवऱ्याच्या भाजलेल्या पायावर लोट्याने पाणी ओतत होती.

"रंभा, पुरे झालं ना आता."

"नर्सबाईनं अर्धा घंटा म्हटलं. चुना विझवाले कोणी चप्पल घालून जाते का?"

"मुकादमानं लगेच गोडंतेल लावलं होतं."

"तेल? भजं तळून राहिला होता का तो? अगोदर पाणी टाकावं, एवढं कळत नाई? अन् कारखान्यानं देल्लेले बूट कुठी होते?"

"हायेत ना."

"पेटीत ठेवले असन, मिरवाले!"

"पेटीत नाई. तुह्या भावाजवळ हायेत."

"देवाजीजवळ? लग्नापुरतेच देल्ले होते ना?"

"हो."

"मंग मागून घ्याले तोंड नव्हतं का तुमाले?"

"तूच म्हणे ना मांडवात, माहा भाऊ बुटात कसा सायबावानी दिसते."

लोटा थांबला. वच्छलाने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"सायेब असन तो त्याच्या घरी! आजच चिठ्ठी धाडा, म्हणा बूट पाठव. अन् पाय मागं घेऊ नका, अर्धा घंटा झाला नाई अजून."