दोघींची ओवी

(तुळजापूर, १९४४. मुन्सफ अदालतीची ओसरी. कडूबाईजवळ धुरपदाबाई बसलेली.)

मल्लिनाथ वकील: इतकंच म्हणा, कडूबाई. ओवीची पहिली ओळ माझी, दुसरी माझी न्हाय. सुटाल.

कडूबाई: आन् दुसरी कुणाची म्हणून इचारलं तर?

मल्लिनाथ: आठवत न्हाय म्हणा. पाटलानं फिर्यादीत तुमचंच नाव घातलंय. एक बाई ओवी उचलते, समोरची पुरी करते, हे त्याला काय ठाऊक? जात्याला कधी हात लावलाय त्यानं? तुमच्या ओळीत नुसता देवीचा धावा. ‘आई तुळजाभवानी, साद घालते मी तुला.’ त्यात कुणाची बेअब्रू?

कडूबाई: बेअब्रू खालच्या ओळीत हाय व्हय? ‘लेव्हीचा जुंधळा गं, पेवामंदी कुजला.’ पाटलाचं नाव तर तिथंबी न्हाय.

मल्लिनाथ: नाव लागत नाही. जुन्या खटल्यांत ठरून गेलंय, ऐकणाऱ्याला माणूस ओळखू आला की झालं. सरकारच्या नावानं गोळा केलेला जुंधळा कुणाच्या पेवात पुरला, सारं गाव जाणतं.

कडूबाई: मंग खरं बोलायची सोयच न्हाय म्हना.

मल्लिनाथ: आहे. तेही खटल्यांतच ठरलं. गोष्ट खरी असली, लोकांच्या भल्यासाठी बोललेली असली, तर गुन्हा नाही. पण शाबीत आपण करायचं. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार हवा.

धुरपदाबाई: म्या बघितलंय.

कडूबाई: तू गप, धुरपदे. पाटलाच्याच रानात राबतीस.

धुरपदाबाई: म्हणून तर बघितलं. पेव उपसायला मलाच खाली उतरिवलं. काळा जुंधळा, मुठीत धरला की चिखल. आन् आमी त्या साली रानातला तरोट्याचा पाला शिजवून खाल्ला. हात कितीबी धुतलं तरी वास जाईना. सकाळी हिच्या म्होरं जात्यावर बसले, तवा ती ओळ आली.

मल्लिनाथ: म्हणजे दुसरी ओळ तुमची? कडूबाई, मला सांगितलं नाहीत.

कडूबाई: तुमालाबी सांगनार न्हवते.

मल्लिनाथ: धुरपदाबाई, साक्ष दिलीत की काम जाईल. आणि शाबीत झालं नाही, तर सजा दोघींना.

धुरपदाबाई: कामाचं ठरवून आलेय. हिला एकलीला कशी उभी करू, साहेब?

मल्लिनाथ: हे निकाल मी पाठ केले. त्यांच्यापायी कठड्यात कोण उभं राहिलं असेल, हे कधी मनात आलं नाही.

कडूबाई: आसतील कुणी आमच्यासारख्या. पर ते पुस्तकात कशाला लिहितील.

मल्लिनाथ: पुकारा झाला. चला.

कडूबाई: ऊठ, धुरपदे. पदर सावर. आदी म्या म्हणते, मंग तू.