रघुनाथच्या नावाचे पदक नको

सभ्य गृहस्थहो, आणि आतल्या दालनात चिकाच्या पडद्याआड बसलेल्या बायांनो,

मी आज बोलणार नव्हते. शेजारच्या घरात ज्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, त्याच्या दुखवट्याला उभे राहायचे म्हणजे जीभ जड होते. पण आताच अध्यक्षांनी ठराव वाचला. कैलासवासी रघुनाथच्या स्मरणार्थ दरवर्षी एका विद्यार्थ्याला रुप्याचे पदक द्यायचे. कशासाठी? 'अखंड परिश्रमासाठी.' तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून मी उठले.

एका बाईने भर सभेत बोलावे काय, अशी कुजबुज मागच्या बाकांवर चालली आहे. चालू द्या. ट्रेनिंग कॉलेजातून मास्तरीण होऊन आले त्याला वीसेक वर्षे झाली. तेव्हापासून ती कुजबुज माझ्या ओळखीची आहे.

तुम्ही आज काय काय ऐकलेत? रघुनाथ मेंदूज्वराने गेला, असे ऐकलेत. खोटे आहे. त्याने आपला जीव स्वतः संपवला. हे सांगायची परवानगी मला त्याच्या आईने दिली आहे. ती कल्याणला आहे, या सभेत तिला कोणी बोलावले नाही. ती मला म्हणाली, "बाई, लपवून माझा मुलगा परत येणार आहे का?"

आणखी काय ऐकलेत? तो शेंडीला दोरी बांधून ती खुंटीला अडकवी आणि रात्र रात्र वाची, असे ऐकलेत. ज्यांच्या घरी राहून तो शिकला, ते त्याचे काका इथे समोर बसले आहेत. आबासाहेब, ती खुंटी तुम्ही पाहुण्यांना दाखवत होतात. मलाही दाखवलीत. मी विचारले, "झोपतो केव्हा हा?" तुम्ही हसून म्हणालात, "झोपायला उभा जन्म पडलाय, बाई! आधी बी. ए. तर होऊ द्या."

मी रघुनाथलाच विचारले. विहिरीपाशी उभा होता, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "दोरी लोकांसाठी आहे हो. मला झोपच येत नाही. पडून राहिलो की भीती वाटते, म्हणून उठून बसतो. आणि सगळे म्हणतात, वा, काय अभ्यास!"

ऐकलेत? काय अभ्यास!

एक आजारी मुलगा दिव्यापाशी बसत होता, आणि सारी आळी त्याला शाबासकी देत होती. सोबती त्याला 'वेताळ' म्हणून हाका मारीत. "अरे वेताळा, आमच्या वाटचंही वाच रे!" त्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी काही शिकवले होते का? प्रोफेसरांनी त्याला गार पाण्याने स्नान करायला सांगितले. काकूने दृष्ट काढली, अंगारा लावला. तुम्ही काकूला हसाल. मी हसणार नाही. काहीतरी बिघडले आहे, एवढे तरी त्या घरात तिलाच कळले.

मी आबासाहेबांना म्हटले, डॉक्टर बोलवा. ते म्हणाले, "पोराला वेडा ठरवता काय? उद्या मुलगी कोण देईल?"

आता मला एक सांगा. रघुनाथ कॉलेजात मनाचे शास्त्र शिकत होता. स्मृती म्हणजे काय, इच्छा म्हणजे काय, यावर इंग्रजीत पानेच्या पाने लिहायचा. मी त्याला विचारले होते, "आणि मनच दुखायला लागले तर काय करावे, हे कुठल्या पानावर आहे?" तो हसला. किती दिवसांनी हसला! म्हणाला, "ते परीक्षेला नसतं, बाई."

परीक्षेला नसते! मग ते कुणाला कसे कळणार? पाय मोडला तर लंगडणारा दिसतो. ताप आला तर अंगाला हात लावून कळते. झोप उडणे, अन्न न जाणे, माणसे नकोशी होणे, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत राहणे, हा आजार आहे, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात मुलांना सांगायला काय हरकत होती? त्याला औषधपाणी आहे, विसावा आहे, आणि बोलण्यात लाज नाही, एवढे शिकवायला युनिव्हर्सिटीला किती विद्वान लागतात?

डॉक्टरसाहेबही इथे आहेत. त्यांना मी विचारले, हा मुलगा वाचला असता का? ते म्हणाले, "यातून बरे झालेले मी पाहिले आहेत. मला बोलावले असतेत तर प्रयत्न केला असता. मला बोलावलेत ते पंचनाम्याला."

आणि आता तुम्ही पदक देणार! गृहस्थहो, ते पदक कोण जिंकेल ठाऊक आहे? जो सर्वांत कमी झोपेल तो. या दालनात कॉलेजात जाणारी मुले बसली आहेत. त्यांच्या डोळ्यांकडे जरा पाहा. त्यांतला एखादा आजही घरी जाऊन दिवा लावील, आणि तुम्ही त्याला म्हणाल, रघुनाथसारखा हो.

रघुनाथच्या आईचा निरोप आहे. तिच्याच शब्दांत सांगते: "माझ्या बाळाच्या नावानं दुसऱ्या कुणाच्या पोराला जागवू नका."

ठराव मागे घ्या. जमलेला पैसा मुलांना हे शिकवण्यासाठी लावा, मराठीत, त्यांना समजेल असे. कॉलेज करील तेव्हा करो. आपण इथे ठाण्यात, माझ्या घराच्या माडीवर, शनिवारपासून सुरू करू. डॉक्टर यायला तयार आहेत. मुलांनो, तुम्ही या. कुणाला एकट्याने बोलायचे असेल तर मागे थांबा. कुणी नाव विचारणार नाही.

आता सगळे उभे राहा. रघुनाथसाठी क्षणभर गप्प राहू या. गप्प राहणे आपल्याला चांगले जमते. या एका क्षणानंतर मात्र त्या आजाराबद्दल पुन्हा गप्प बसायचे नाही.

...

बसा. चिटणीस, नोंद करून घ्या. माझ्या घराच्या माडीची किल्ली एक, डॉक्टरांच्या हाती दिली. सतरंजी एक, माझी. गोधडी एक, रघुनाथच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवून माडीसाठी पाठवलेली. तिच्या सांगण्यावरून पुढे असे लिहा: या गोधडीवर ज्याचा डोळा लागेल, त्याला कुणी उठवू नये.