चटईखाली

(सामोआतलं एक गाव, सकाळ. अंगणातल्या खडीवर भारी चटई डोक्यावरून पांघरून एक बाई गुडघे टेकून बसली आहे. घरात तालिता आणि तिचा धाकटा भाऊ आउमुआ, कुळाचा प्रमुख.)

आउमुआ : ताई, ऊन चढलं. पहाटेपासून बसलीय ती. जाऊन चटई उचलू?

तालिता : हात लावू नकोस. उचललीस की माफी झाली. माझ्या पेनीच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे.

आउमुआ : तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. पण तिच्या कुळाच्या प्रमुखाला पाठवायचं सोडून मासिना स्वतः आलीय.

तालिता : येईलच. तिच्याच पोरानं कोयता चालवला.

आउमुआ : तिच्या एतुआतेला तुरुंगात भेटून आलो.

तालिता : का मारलं म्हणाला?

आउमुआ : तेच तर कळेना. ताई, मी जन्मभर सांगत आलो, सगळ्यांना सारखं मिळालं की कोयता फक्त नारळावर चालेल. मासे सारखे वाटले, जमीन सारखी वाटली.

तालिता : मग त्याला काय कमी पडलं? तिला पोरं झेपेनात म्हणून एवढासा होता तेव्हा आणला. पोटभर घातलं, शाळेत घातलं.

आउमुआ : पंगतीला कधी बसवलं?

तालिता : तरण्या पोरांनी वाढायचंच असतं.

आउमुआ : पेनी वाढायचा?

तालिता : पेनी माझा एकुलता होता.

आउमुआ : त्या दिवशी पाहुण्यांसमोर पेनीनं उष्टं ताट पुढं सरकवलं. म्हणाला, एतुआतेला द्या, तो यावरच पोसलाय. सगळे हसले. मीही.

तालिता : एवढ्यावरून जीव घेतात?

आउमुआ : नाही घेत. कितीतरी पोरं गिळून गप्प बसतात. म्हणून तर डोकं फिरलंय माझं. वाटण्यात चुकलो असेन तर सुधारीन. चुकलोच नसेन, तर काय करू? ताई, बाहेर कुठं चाललीस?

तालिता : मासिना, ऐकतेस?

मासिना : ऐकतेय, ताई. दगड मारायचा असेल तर मारा.

तालिता : तुझ्या पोराला काय आवडायचं गं खायला?

मासिना : मला कुठलं माहीत? तुमच्याच हातचं खाल्लं ना त्यानं.

तालिता : मग माफी कसली मागतेस?

मासिना : पोटचा आहे, ताई.

तालिता : सरक.

मासिना : काय?

तालिता : सरक जरा. तुला माफ केलेलं नाही, त्याला तर नाहीच नाही. पण वाढवलाय मी. जागा दे.

आउमुआ : अगं ताई, तूच चटईखाली बसलीस तर ती उचलायची कुणी?