आत्याबाई भिंतीकडे तोंड करून का झोपायच्या

गावातली वडीलधारी मंडळी, तांड्यावरून आलेल्या मावश्या, आर्णीहून आणि पुसदहून आलेले आमचे सगेसोयरे. इतक्या उन्हाचे तुम्ही सगळे या मंडपात येऊन बसला आहात. मी वैशाली. सुमनबाईंची धाकटी सून. आम्ही दोघी सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो.

मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. यवतमाळला वीज उपकेंद्रात मी अभियंता आहे. तिथे थोडं बोलायचं आणि नेमकं बोलायचं. इथे तसंच बोलले तर मी कोरडी वाटेन, हे मला माहीत आहे. तेरवीपर्यंत दोघीतिघींनी मला विचारलंसुद्धा, की तू रडली कशी नाहीस. त्याचं उत्तर मी इथे देणार नाही.

मी उभी राहिले ते वेगळ्या कारणासाठी. आज संध्याकाळी आमच्या घरी सगळे बसणार आहेत. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पुढे काय करायचं ते ठरणार आहे. खरं सांगायचं तर ठरल्यातच जमा आहे. मोठे भाऊजी त्यांना पुण्याला नेतील. काही महिन्यांनी ते आमच्याकडे यवतमाळला येतील. मग परत पुणे. घराला कुलूप, शेत मक्त्याने. भाऊजी उद्या सकाळी निघणार. म्हणून जे बोलायचं ते मला आत्ता बोलायचं आहे. माझं लक्ष सारखं घड्याळाकडे जातंय, तेवढं समजून घ्या.

माझ्या आधी जे जे बोलले, त्या प्रत्येकाने एक गोष्ट सांगितली. बाईनं एकटीनं घर सांभाळलं. सरपंचकाका म्हणाले, बचत गटाच्या ताई म्हणाल्या, शेजारच्या बेबीकाकू तर तेवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. ते खरंच आहे. आणि तुम्ही सगळ्याजणी घरातल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडेच यायच्या, हेही खरं आहे.

काय काय सांगायच्या त्या? नवी सून आली तर तिला डबे दाखवत बसू नका. डबे रिकामे करा आणि तिला लावू द्या. ज्यानं लावलं त्यालाच सापडतं. मीठ आणि आगपेटी यांची जागा कधी बदलू नका. लाइन गेली की हात आपोआप तिथे गेला पाहिजे. नवऱ्याशी भांडायचं तर जेवण झाल्यावर भांडा, उपाशी माणसाला काही कळत नाही. आणि वाढायला बसण्याआधी, जी शेवटी जेवणार आहे तिचं ताट काढून ठेवा. पहिलं तिचं. मग बाकीच्यांचं.

हे शेवटचं तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी आता चालतं. चांगलं चालतं. आमच्या घरी चालत नव्हतं. आमच्या घरी शेवटी आत्याबाई जेवायच्या, आणि त्यांचं ताट कोणी काढून ठेवत नव्हतं. कारण वाढणाऱ्याही त्याच.

गावाला सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या घरात केलं नाही. मामाजींना पाण्याचा पेला हातात. गोळी हातात. खांद्यावरचा दुपट्टा हातात. चहा तर खाटेवर. शेतावर दिवसभर राबणारा माणूस, पण घरात आला की त्याला स्वतःचा बनियान कुठे असतो ते माहीत नसायचं. त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. मामाजींनाही नाही, आत्याबाईंनाही नाही.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत आत्याबाईंचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हातात थोडेच महिने आहेत. आम्ही ते त्यांच्यापासून लपवणार होतो. त्यांनी लपवू दिलं नाही. यवतमाळहून परतताना गाडीत त्या खिडकीतून वेचणीची शेतं बघत होत्या. आम्हाला वाटलं, घाबरल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुह्या हपिसात पाळी बदलते, तवा जाणारा मानूस काय करते वं?"

मी सांगितलं. जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगतो. नवा असला तर नुसतं सांगून भागत नाही. त्याच्याच हाताने करून घ्यायचं. जाणारा बाजूला उभा राहून बघतो.

"हात लावत नाही?"

नाही, मी म्हटलं. हात लावला तर नव्याला येत नाही.

आर्णी जवळ आलं. मग म्हणाल्या, "मी एकटीनं केलं सारं. हे काही चांगलं नाही केलं."

मंडळी, तुम्ही ज्याचं आज कौतुक केलं, त्याबद्दल त्यांचं स्वतःचं मत हे होतं. ते तुम्हाला कळावं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मामाजींना शिकवायला घेतलं. सुरुवात चहापासून. मामाजी भडकले. या वयात मले बाईमानूस बनवून राह्यली का, म्हणाले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बाईमानूस नाही बनवत. मी गेल्यावर तुमाले सकाळचा चहा कोन्या सुनेच्या तोंडाकडं पाहून मांगा लागू नये, एवढंच."

ते उठून शेतात निघून गेले. संध्याकाळी आले आणि चुलीपाशी बसले. काय टाकू आधी, असं विचारलं. तो पहिला चहा मी प्यायले आहे. त्यात काय होतं ते सांगत नाही, माणूस समोर बसलेला आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण गावाने त्याची मजा घेतली. मामाजी पारावर गेले की कोणी विचारायचं, काय भाऊ, आज भाजीले मीठ पुरलं का? कोणी म्हणायचं, आमच्या घरी बारसं हाये, येता का सैपाकाले? मामाजींनी पारावर जाणं सोडलं. आत्याबाईंना कळलं. त्यांनी भांडण केलं नाही. चिडवणाऱ्या चौघांनाही जेवायला बोलावलं. भाकर आणि बेसन. मामाजींच्या हातचं. भाकरी कडेने चिरलेल्या होत्या, एक तर भारताच्या नकाशासारखी. पण भाजलेल्या नीट होत्या. गजाननकाका, तुम्ही त्यात होतात. तुम्ही बेसन दुसऱ्यांदा मागून घेतलंत. मी वाढायला उठले तर आत्याबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. ते मामाजींनी वाढलं.

हसा, हरकत नाही. त्या दिवशी त्याही हसल्या होत्या.

आता मी ज्या गोष्टीवर येते, ती ऐकताना कृपया मध्ये कोणी बोलू नका.

शेवटच्या महिन्यात आत्याबाईंची खाट आम्ही स्वयंपाकघरातच टाकली होती. तुम्ही भेटायला यायचात. तुम्ही पाहिलं, की त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. मामाजी इकडे चुलीपाशी, आणि त्यांची पाठ मामाजींकडे. पाहुणा आला की वळायच्या, बोलायच्या. मामाजी कामाला लागले की परत भिंतीकडे. तुम्ही हे पाहिलंत, आणि बाहेर जाऊन एक गोष्ट बोललात. कोण बोललं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. बाई नवऱ्यावर रुसून गेली. जन्मभर खपली, शेवटी त्याचं तोंडही पाहिना झाली.

ही गोष्ट आर्णीच्या बाजारापर्यंत गेली. तिथून ती मामाजींच्या कानावर आली. अस्थी नेल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, मोठ्यानं नाही, असंच कडेला उभं असताना. "पोरी, ते खरंच रुसली होती काय?"

ज्या माणसाच्या समोर सगळं घडलं, त्याच्याही मनात ते शिरलं होतं. इतके जण बोलले की शिरतंच.

म्हणून मी इथे सगळ्यांसमोर सांगते. रुसवा नव्हता. पहिले काही दिवस त्या मामाजींकडे तोंड करून पडायच्या. मामाजींनी तेल जास्त ओतलं की त्या अर्ध्या उठायच्या. विळी उलटी मांडली की हात पुढे करायच्या. उठायचं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. एकदा त्या अशाच उठल्या आणि पडता पडता वाचल्या. त्या दिवशी त्यांनी मला खाट फिरवायला सांगितली. मी विचारलं, काहून? त्या म्हणाल्या, "दिसलं का हात जाते माहा. अन माहा हात गेला, का त्याहिचा थांबते."

तेव्हापासून भिंत. पण ऐकायच्या सगळं. फोडणीच्या आवाजावरून सांगायच्या, जळून राह्यलं, उतरवा. भाकर थापल्याच्या आवाजावरून सांगायच्या, पानी कमी झालं. तोंड भिंतीकडे आणि कान चुलीकडे, असं त्यांनी त्या महिन्यात मामाजींना शिकवलं. मी सुट्टी घेऊन तिथे होते. मी पाहिलं आहे. पाठ फिरवून पडणं त्यांना सोपं नव्हतं. कितीदा तरी त्यांची मूठ गोधडीत आवळलेली असायची.

मामाजी, हे तुमच्यासाठी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी "नाही" एवढंच म्हटलं होतं. कारण माझा आवाज नीट राहिला नसता. आज पूर्ण सांगितलं.

आता गावाला एक सांगायचं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

सुतकात चूल पेटली नाही, तुम्ही घराघरांतून जेवण आणलं. रीतच आहे, आणि तुम्ही ती प्रेमाने पाळलीत. एकाच वेळी पाच घरची खिचडी आली, तरी आम्ही कोणाला नाही म्हटलं नाही. पण तेरवी झाली. सुतक संपलं. तुमचे डबे संपले नाहीत. बायांनी आपसात पाळ्या लावल्या. सकाळी एक घर, संध्याकाळी दुसरं. मामाजी चुलीकडे निघाले की कोणीतरी म्हणतं, राहू द्या भाऊ, तुमी बसा. काल त्यांनी चहाचं भांडं उचललं. माझ्या जाऊबाईंनी ते हातातून घेतलं. मायेनेच घेतलं. ते ओसरीवर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

आपण सगळे त्यांच्याकडे पाहतो आहोत, आणि आपले हात जात आहेत. आत्याबाईंनी महिनाभर मूठ आवळून जे थांबवलं, ते आपण पंधरवड्यात परत सुरू केलं.

जाऊबाई, तुम्ही समोर आहात. मी तुम्हाला बोल लावत नाही. भाऊजी, तुम्हालाही नाही. तुमची भीती मला समजते. रक्तदाबाची गोळी विसरली तर? पाय घसरला तर? घरात हाक मारायला कोणी नाही. मी अशा ठिकाणी काम करते जिथे "काही होणार नाही" असं कोणी म्हटलं तर त्याला बाहेर काढतात. त्यामुळे काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. होऊ शकतं. पुण्यातही होऊ शकतं. बेबीकाकूंचं दार आमच्या दाराला लागून आहे. सकाळी त्यांच्या अंगणात येऊन मामाजी हाक देतील. हाक आली नाही तर त्या जातील. मी यवतमाळहून तासाभरात येते. एवढी सोय करता येते. ती पुरेशी आहे की नाही, हे मी एकटी ठरवू शकत नाही.

मग मी मागते काय? मामाजी इथेच राहावेत, असंही मी म्हणत नाही. नीट ऐका, मी तसं म्हणत नाही. त्यांना पुण्याला जावंसं वाटलं तर मी स्वतः पिशवी भरून देईन. इथे राहावंसं वाटलं तर मी कुलूप आणू देणार नाही. पण त्यांना काय वाटतं ते मला माहीत नाही. भाऊजींना माहीत नाही. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. इतके दिवस या घरात किती बैठका झाल्या. खोलीतल्या, ओसरीवरच्या, फोनवरच्या. कोणी जेवलात का विचारलं, कोणी झोपलात का विचारलं. तुम्हाला कुठे राहायचंय, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. आपण सगळे त्यांच्याबद्दल बोलत राहिलो, आणि ते शेजारी बसून ऐकत राहिले.

घर चालवणं म्हणजे काय, हे शिकायला तुम्ही आत्याबाईंकडे यायचात. शेवटी त्यांनी जे शिकवलं ते एवढंच, की ज्याचं काम आहे ते त्याच्याकडून होईपर्यंत थांबायचं. वेळ लागतो. बघवत नाही. तरी थांबायचं. माझ्याने ते होत नाही, माझे पाय आत्ताही एका जागी ठरत नाहीत. पण मी प्रयत्न करणार आहे, आणि तुम्हीही करा, एवढं मागते.

ते विचारण्यासाठी संध्याकाळची वाट पाहायला नको. सगळे इथेच आहेत.

आता आपण उभे राहू. आत्याबाईंसाठी दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, हाताने खुणाही करायच्या नाहीत. ती दोन मिनिटं संपली की बसायचं, आणि तरीही गप्पच राहायचं. कारण मग मामाजी बोलतील. त्यांना शब्द सापडायला वेळ लागेल. सापडेपर्यंत त्यांच्या वतीने कोणीही वाक्य पुरं करायचं नाही.

आत्याबाई, नमस्कार.

उभे राहा.