दांडी मिळेपर्यंत दांडी

...आणि वर मलाच म्हणतात, "चष्मेवाले, तुमची आत्या आवरा." आवरा म्हणे! आता तुम्हीच सांगा, आत्या ही काय आवरायची गोष्ट आहे? कपाट आवरतात, पसारा आवरतात, फार तर माणूस स्वतःचा राग आवरतो... पण सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण, जिच्यासमोर आमचे वडील साठी उलटल्यावरसुद्धा खुर्चीत बसायच्या आधी तिच्याकडे एकदा बघून घ्यायचे, ती मी आवरायची? मला माझं चष्म्याचं दुकान आवरत नाही!

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा आवरायला कोणाला हवं होतं ते.

आमचा एक सेवा क्लब आहे. आमच्या भागातले आम्ही दुकानदार, डॉक्टर, वकील, ठेकेदार असे सगळे दर रविवारी सकाळी जमतो आणि सेवा करतो. कोणाची? इथेच तर सगळी गोची आहे. सेवा करायची तर समोर कोणीतरी करून घेणारं हवं, ते घरी सापडणारं हवं, आणि फोटोच्या वेळी हलणारं नको. म्हणून आम्ही वृद्धाश्रम धरला. धरला तो धरलाच. आधी उपक्रम, मग पाहुण्यांचं भाषण, मग आभार, मग चहा. आणि पाहुणे आणायचं काम कोणाकडे? माझ्याकडे. अहो, मुलीसाठी स्थळ शोधायचं तर ते एकदाच शोधावं लागतं, इथे दर रविवारी नवं स्थळ! एकदा व्यायामशाळेचा मालक आणला, वय पंचवीस, दंड असे की बाह्या फाटायच्या बेतात, विषय 'म्हातारपण, एक सुवर्णसंधी'. एकदा एक आहारतज्ज्ञ बाई आल्या, त्यांनी सांगितलं की प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा... समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे दात खोलीत पेल्यात ठेवलेले! एक साहेब हेल्मेटचं महत्त्व समजावून गेले. ऐकणारे गेल्या कित्येक महिन्यांत फाटकाबाहेर पडले नव्हते, त्यांनी हेल्मेट घालून जायचं कुठे, जेवायला? आणि प्रत्येक जण माईक हातात आला की घसा खाकरून म्हणणार, "मी आपला फार वेळ घेणार नाही, फक्त दोन शब्द बोलतो." तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांत पहिल्या रांगेतली माणसं झोपून उठायची, पुन्हा झोपायची आणि शेवटी टाळ्या ऐकून दचकायची.

आता या वृद्धाश्रमात आमची आत्या राहते. कोणी ठेवलेली नाही हं, स्वतः गेली. आमच्याकडे चार दिवस राहिली आणि म्हणाली, तुमच्या घरात दोन टीव्ही आणि तीन भांडणं एकाच वेळी चालू असतात, मला एका वेळी एकच लाईन ऐकायची सवय आहे. कारण ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळा जन्म कानाला हेडफोन. लोक तिकडे रडतायत, भांडतायत, बोहल्यावर चढायला तयार होतायत, आणि मध्येच आत्याचा आवाज, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" नाही म्हटलं की खट्. अशा बाईसमोर आम्ही भाषणं ठेवत होतो! ती बसायची हो निमूट. डोळे तपासणीला बसायची... तिचे डोळे मीच आतापर्यंत चार वेळा तपासले, नंबर तोच. ब्लँकेटं घ्यायची. तिच्याकडे इतकी ब्लँकेटं झाली होती की ती एकावर एक रचून वर बसली तर पाय जमिनीला टेकेनात. तरी तक्रार नाही. म्हणायची, बिचारे रविवारी दुसरं काय करणार.

मग चित्रकलेच्या बाई पडल्या.

बाई म्हणजे आत्याच्या खोलीतल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, हाडं चिमणीची, स्वभावही तसाच. सकाळी बाथरूममध्ये कमोडवरून उठताना तोल गेला, धरायला काही नाही, कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, बाई परत आल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी एकटीनं बाथरूमला जाणं सोडलं. कोणाला उठवायचं, कोणाला हाक मारायची, याचा संकोच. मग त्यांनी काय केलं माहितीये? पाणी पिणं सोडलं, गोळीपुरता घोट तेवढा. जायलाच नको म्हणून. पेला भरलेला तसाच. ओठ सुकून पांढरे झाले तरी, "मला तहानच नाही हो." आत्यानं दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी उठली आणि व्यवस्थापकांच्या टेबलासमोर उभी राहिली. म्हणाली, कमोडच्या उजव्या बाजूला भिंतीत एक दांडी बसवा, धरून उठायला.

एवढंच. एक दांडी. स्टीलची, हातभर लांब. मी म्हटलं आत्या, मीच घेऊन येतो उद्या. तर व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, तिथे पाटी आहे."

खरंच होती! ते बाथरूम आमच्याच क्लबनं बांधून दिलेलं, आणि देणगी दिली होती आमच्या अध्यक्षांच्या सासऱ्यांनी. ते स्वतः आमचे माजी अध्यक्ष. संगमरवरी पाटी, त्यावर नाव, पदवी, पद. आता बाहेरच्या भिंतीवर पंख्याचे दाते, बाकाचे दाते, पाणी गाळायच्या यंत्राचे दाते असे आधीच दाटीवाटीनं बसलेले. तेव्हा सासरेबुवांनी जागा हेरली ती आतली. म्हणाले म्हणे, बाहेरची पाटी कोणी वाचत नाही, आत बसलेला माणूस दुसरं काय वाचणार? डावीकडे पाण्याचे पाइप, उजवीकडे पाटी. दांडी बसवायची तर पाटी काढायची, आणि पाटी काढायची तर दात्याची परवानगी!

मी क्लबच्या बैठकीत विषय काढला. आमचे अध्यक्ष म्हणजे बांधकामाचे ठेकेदार, भिंतीला भोक पाडणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. पण ते असे काही बघायला लागले की जणू मी त्यांच्या छातीला भोक पाडायला सांगतोय. "चष्मेवाले, सासऱ्यांच्या नावावर ड्रिल चालवू? मला घरी जायचंय." मग एक जण म्हणाला, त्यापेक्षा 'तोल कसा सांभाळावा' यावर व्याख्यान ठेवू. दुसऱ्यानं विचारलं, दांडीचं उद्घाटन कसं करणार, फोटो कुठून घेणार? झालं. ठराव काय झाला? बाईंना ब्लँकेट द्यायचं.

त्यानंतरच्या रविवारी उपक्रमाला वर्ष झालं म्हणून मोठा कार्यक्रम होता. अध्यक्षांना वाटलं, लाभार्थींपैकी कोणीतरी चांगलं बोलावं. आणि त्यांनी बोलावलं कोणाला? आमच्या आत्याला! मी डोळ्यांनी खुणावतोय, मानेनं खुणावतोय, पण ते आपले माईक पुढे करून हसतायत. "आत्याबाई, आमच्या सेवेविषयी दोन शब्द."

आत्या उठली, पदर नीट केला, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाली, "दांडी बसवा."

आणि खाली बसली. दोन शब्द! मोजून दोन! आमच्या क्लबच्या इतिहासात हा नियम पाळणारी पहिली वक्त्री ती. अध्यक्ष तसेच हसतायत कारण हसू परत कसं घ्यायचं ते त्यांना कळेना. आणि त्या दिवशीचे पाहुणे, निवृत्त अधिकारी, त्यांना काहीच ठाऊक नाही, ते उठून सुरू झाले. ते सुरू झाले आणि थोड्या वेळानं मागून तोच जुना, सपाट आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आणि सगळे म्हातारे एका सुरात म्हणाले, "नाही."

चहाच्या वेळी अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेतलं. आत्या आवरा. आवरा म्हणे! मी आत्याकडे गेलो, म्हटलं, आत्या, निदान माझ्याकडे बघ, मला क्लबात तोंड दाखवायचंय. ती म्हणाली, "अरे, तुझ्या तोंडाला काय झालंय? बाईंच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, ते बघ." मी आपला चष्मा पुसत बसलो.

पुढच्या रविवारी मी पाहुणे आणले होते 'ऐकण्याची कला' या विषयावर. हॉलमध्ये शिरतो तर काय, खुर्च्या रिकाम्या! एक म्हातारं माणूस नाही! शोधत गेलो तर सगळे बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये, खुर्च्या टाकून रांगेत बसलेले. कोणी विणतंय, कोणी पेपर वाचतंय. दाराशी आत्या. आणि दारावर मोठा कागद, त्यावर चित्रकलेच्या बाईंनी रंगवलेली सुरेख, छाया दिलेली, ठसठशीत अक्षरं: 'दांडी मिळेपर्यंत दांडी.'

कळलं ना? भिंतीवर दांडी मिळेपर्यंत आमच्या कार्यक्रमाला दांडी! सेवा घेणारेच संपावर! आमचे पाहुणे रिकाम्या खुर्च्यांना ऐकण्याची कला शिकवून गेले. आणि अध्यक्ष पुन्हा माझ्यावर... आवरा, आवरा, आवरा! शेवटी माझंही डोकं फिरलं. मी माईक टेबलावर ठेवला, हॉलमधली एक खुर्ची उचलली, पॅसेजमध्ये नेली आणि आत्याच्या शेजारी टाकून बसलो. म्हटलं, नाही आवरणार. क्लबातून माझं नाव काढायचं तर काढा, त्याची पाटी करून कुठेही लावा! आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती खुर्ची सरकवून पायाला जागा करून दिली.

मग अध्यक्षांनी हुकमाचा एक्का काढला. पुढच्या रविवारी खुद्द सासरेबुवा! क्लबचे संस्थापक, भाषणात हातखंडा. एकदा त्यांचे दोन शब्द संपेपर्यंत चहा तीनदा गरम करावा लागला होता. आता थकले होते, हातात काठी, पण आवाज खणखणीत. सरळ पॅसेजमध्ये आले आणि उभ्या उभ्या आत्याला सेवा, त्याग, कृतज्ञता यांवर ऐकवायला लागले. आत्या ऐकत होती. मग मला दिसलं की सासरेबुवा या पायावरून त्या पायावर होतायत. वाक्यं तुटायला लागली. कृतज्ञतेपाशी तर पार अडकले.

आत्यानं हळूच विचारलं, "जायचंय का?"

त्यांनी मान हलवली. आत्यानं खुर्ची बाजूला घेतली. म्हणाली, "जा. आमचा संप ऐकण्यावर आहे, जाण्यावर नाही."

आत गेले, कडी लावली. पाण्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. आम्ही थांबलो. अध्यक्षांनी दार वाजवलं, "बाबा, झालं का?" आतून, "हो हो, येतोच." आणि आले नाहीत. पुन्हा वाजवलं, तर बराच वेळ काही नाही आणि मग ओळखू येणार नाही अशा आवाजात, "उठता येत नाहीये."

कोणी हसलं नाही हो. सांगतो ना, त्या रांगेतलं एकही माणूस हसलं नाही. सगळ्यांना ती जागा ठाऊक होती. आत्या दाराला तोंड लावून म्हणाली, उजव्या हाताला पाटी आहे, तिची वरची कड धरा, घाई करू नका. आणि मागून वॉकर सरकवत चित्रकलेच्या बाई आल्या, त्याही दाराशी वाकल्या आणि इतक्या हळू बोलल्या की आम्ही श्वास धरून ऐकलं. "आधी पाय मागे घ्या. मग पुढे झुका. मग उठा."

काहीतरी करकरलं. मग कडी निघाली. सासरेबुवा बाहेर आले, बोटांची सालं निघालेली, घामानं डबडबलेले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाची पाटी एका स्क्रूवर तिरकी लोंबकळत होती. आमच्या फोटोवाल्यानं सवयीनं कॅमेरा उचलला, आत्यानं त्याच्या भिंगावर हात ठेवला. सासऱ्यांनी बाईंच्या वॉकरकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच पडल्या होतात का?"

"हो," बाई म्हणाल्या.

आणि आमचे अध्यक्ष! सवय, दुसरं काय, माणूस समोर उभा दिसला की हात आपोआप माईक पुढे करतो. "बाबा, दोन शब्द..."

बाबांनी माईक घेतला. मग म्हणाले, "दांडी बसवा."

माईक परत दिला आणि आत्यानं पुढे केलेल्या खुर्चीत बसले. नंतरचा चहा त्यांनी तिथेच, पॅसेजमध्ये, रांगेत बसून घेतला.

त्याच आठवड्यात दांडी बसली. कारागिराचं चहा पिण्याइतकंही काम नव्हतं. त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला, आणि आत्यानं न विचारता दुसरा भरला. मी तिथे होतो. मला वाटलं, जिंकलो आपण. संपलं एकदाचं.

संपतंय कुठलं! काल गेलो होतो, बाई मला म्हणाल्या, जरा हा हात बघता का, तुमची नजर बारीक. त्यांनी तळहात उघडला तर त्यावर लाल लाल, उलटी अक्षरं. अहो, आमच्या अध्यक्षांनी दांडीवर, बरोबर जिथे मुठीत धरायचं तिथेच, उठावाच्या अक्षरांत स्वतःचं नाव घालून घेतलंय! आता ती माउली दिवसातून जितक्या वेळा उठते तितक्या वेळा अध्यक्ष तिच्या तळहातावर उमटतात. बाई म्हणाल्या, नावाचं काही नाही हो, पण अक्षरांचं वळण फारच वाईट आहे.

मी तरातरा निघालो होतो, आता पुन्हा खुर्च्या टाकतो म्हणून. आत्यानं मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, "असू दे रे. हात धुतला की जातं."