शनिवारची खोली

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जायला पाहिजे. मला भाषण येत नाही, आणि ताईंच्या फोटोकडे बघून बोलणं तर मुळीच जमत नाहीये. घरून निघताना वाटलं होतं, रडू येईल. इथे आले तर राग येतोय. माफ करा, पण आज मी रागानंच बोलणार आहे.

मी सरिता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर बसते. वसुधाताई आमच्या ग्रंथपाल. गुरुवारी गेल्या. शेवटपर्यंत त्या कशासाठी भांडत होत्या हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि मघापासून कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दर वर्षी पुस्तकांच्या बजेटला कात्री लागायची. आधी मासिकं बंद झाली. मग नवी पुस्तकं. ताई दर वेळी हुज्जत घालून सरदारपूर, पीपलरावां अशा लांबच्या गावांहून येणाऱ्या पोरांची कोर्सची पुस्तकं वाचवायच्या. म्हणायच्या, "ती पोरं बसभाडं भरून येतात गं. त्यांना हात हलवत पाठवायचं नाही." त्यासाठी मराठीच्या नव्या पुस्तकांवर त्यांनी स्वतः पाणी सोडलं. जुनी आहेत तेवढी पुरेत म्हणाल्या. फक्त ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतली मराठीची कपाटं हलवू नका, एवढंच मागणं होतं.

आणि ती पुस्तकं आपण कशी वाचायचो? शनिवारी दुपारी, मागच्या खोलीत, मोठ्यानं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हिंदी शाळेत शिकलेल्यांचा नंबर पहिला. मी धारची, घरात मराठी, पण पान समोर आलं की माझी बोबडी वळायची. म्हातारी मंडळी खुदुखुदू हसायची. ताई म्हणायच्या, "अडखळ, पण थांबू नकोस."

नियम एकच होता. पुस्तक घरी न्यायचं नाही. एकानं पुढचं वाचून टाकलं तर बाकीच्यांची मजा जाते. आपण तो इमानदारीनं पाळला. कोणी म्हणजे कोणीच पुस्तक आपल्या नावावर घेतलं नाही.

मग काय झालं? कंप्यूटरनं दाखवलं, मराठी पुस्तकं कोणी नेतच नाही. विद्यापीठाचे साहेब म्हणाले, "मॅडम, इन्हें पढ़ता कौन है?" ठरलं, कपाटं स्टोअरमध्ये टाकायची. परवा सोमवारी जाणार आहेत ती. ताई म्हणाल्या, "साहेब, एकदा शनिवारी येऊन बघा." काउंटरवरच बोलणं झालं, मी तिथेच होते. मग प्रत्येक मीटिंगमध्येही म्हणाल्या. साहेब आले नाहीत.

आज आलेत. पहिल्या रांगेत बसलेत. आणि आत्ता जाहीर केलं, त्या खोलीला ताईंचं नाव देणार. आपल्यातल्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. दारावर ताईंचं नाव, आणि आत काय ठेवणार, मोडक्या खुर्च्या?

आणि भिया लोक, शनिवारच्या भावांनो, तुमच्यावरही राग आहे माझा. चहा पिताना तावातावानं बोलायचात. ताई मीटिंगला निघाल्या की मात्र सगळ्यांना कामं आठवायची. त्या एकट्या जायच्या, एकट्या परत यायच्या, आणि शनिवारी पुन्हा हसून तुमच्यासाठी खुर्च्या मांडायच्या.

आता मौन पाळायचं. पाळू. पण त्या खोलीत ताईंनी कोणाला गप्प बसू दिलं नाही, तेव्हा मौन सुटलं की कोणी चपला शोधायच्या नाहीत. मागच्या शनिवारचं पुस्तक मी आणलंय. ताईंनी घातलेली खूण तशीच आहे. तिथून पुढे मी वाचणार, मग तुम्ही. आणि सोमवारी कपाटं उचलायला माणसं येतील तेव्हाही आपण त्या खोलीत वाचत बसलेले असू.

उठा मंडळी, उभे राहू या.

साहेब, मौन झालं की तुम्ही परत बसा. आज शनिवार आहे. ताईंनी तुम्हाला बोलावलं होतं.